ऐकण्याची शिकवणी

कोल्हापुरांत कोणी आम्हांस ‘हल्लीं आपण काय करतां?’ असें विचारलें, म्हणजे उत्तर देतांना आमची थोडी पंचाईत होते. ‘अपंगांच्या पुनर्वसनाचें काम करणाऱ्या मंडळींना मुलाखत कशी घ्यावी आणि तिचा अर्थ कसा लावावा, हें शिकवितों,’ असें सांगितलें कीं समोरचे गृहस्थ क्षणभर पाहत राहतात आणि म्हणतात, ‘म्हणजे बोलायला शिकवितां!’ बोलायला नव्हे, ऐकायला, अशी दुरुस्ती आम्ही करतों. पण तेवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. कान तर देवानें प्रत्येकास दोन दिलेले आहेत, त्यांची शिकवणी कसली? आमच्या घरांतहि या विषयाची थट्टा होतेच. थोरल्या वहिनी म्हणतात, ‘बाहेर जगाचें एवढें ऐकतां, मग घरांतलें तेवढें कसें ऐकूं येत नाहीं?’ त्या भाजीविषयीं बोलत असतात. परंतु आरोप भाजीपुरता राहिला नाहीं, तें पुढें येईल.

या विद्येला ‘गुणात्मक संशोधन’ असें भारदस्त नांव आहे. मोजणी करणारें संशोधन ‘किती’ तें सांगतें. हें ‘कसें’ आणि ‘कां’ यांच्या मागें लागतें. २०११ च्या खानेसुमारींत भारतांतील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लक्ष, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के भरली. त्यांपैकीं २९ लक्षांहून अधिक आपल्या महाराष्ट्रांतले. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते, २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असला म्हणजे सवलतींचें दार उघडतें. हे आंकडे नकोत असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. आंकड्यांवांचून सरकारी तिजोरीची कडी निघत नाहीं. परंतु साठ टक्क्यांचा दाखला असलेल्या माणसाची कुबडी माळ्यावर कां पडून आहे, हें कोणत्याच रकान्यांत मावत नाहीं. तें त्याला विचारावें लागतें. आणि विचारल्याबरोबर तो खरें सांगेलच असें नाहीं, कारण बहुधा ज्यानें कुबडी दिली तोच विचारावयास आलेला असतो.

जयपूर पायाची गोष्ट आम्ही पहिल्याच दिवशीं सांगतों. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं तो पाय सिद्ध केला. त्यापूर्वींचे विलायती धाटणीचे पाय कांहीं वाईट नव्हते. पण ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठीं घडविलेले होते. आपला माणूस अनवाणी चिखलांत उतरतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, देवळांत शिरतांना जोडे बाहेर ठेवतो. त्याच्या दिवसाकडे पाहिल्यावांचून त्याला चालेल असा पाय बनवितां येणार नव्हता.

आमच्या वर्गास येणारी मंडळी म्हणजे विशेष शाळांतले शिक्षक, श्रवण व वाचा तपासणारे, कृत्रिम अवयव बनविणारे, फिजिओथेरपीच्या मुली आणि एखाददुसरा समाजकार्यकर्ता. १९९२ च्या कायद्याप्रमाणें पुनर्वसन परिषदेकडे ज्यांची नोंदणी असते, त्यांना ती चालूं ठेवण्यासाठीं शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. तेव्हां निम्मी मंडळी गुणांच्या ओढीनेंच वर्गांना येतात, हें आम्ही जाणतों आणि त्याचा रागहि मानीत नाहीं. आम्हीहि कॉलेजांत असतांना कांहीं व्याख्यानें हजेरीसाठींच ऐकलीं आहेत.

या मंडळींची अडचण अशी कीं, तीं आपापल्या कामांत फार तरबेज असतात. फिजिओथेरपीच्या मुलीची नजर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर न राहतां त्याच्या गुडघ्यावर जाते. शिक्षक समोरच्याचें अडखळलेलें वाक्य स्वतःच पुरें करून टाकतो. आणि सर्वांचे प्रश्न असे, कीं त्यांच्या पोटांत उत्तर आधींच बसलेलें! ‘व्यायाम नियमित करतां ना?’ ‘हो.’ ‘घरच्यांची मदत असते ना?’ ‘असते कीं.’ दहा मिनिटांत मुलाखत संपते आणि कागदावर ‘हो’ या एका अक्षराशिवाय कांहीं नसतें. मग आम्ही सांगतों, ‘कालचा दिवस सकाळपासून सांगा’ एवढेंच म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणें हाच सर्वांत अवघड धडा. आम्ही टेबलावर घड्याळ ठेवतों आणि माणूस थांबला तरी दहा सेकंद कोणीं बोलावयाचें नाहीं असा दंडक घालतों. दहा सेकंद म्हणजे किती लांब असतात, तें त्या वेळीं समजतें! पण पुष्कळदां खरी गोष्ट आठव्या-नवव्या सेकंदालाच येते.

तिसऱ्या दिवशीं करवीर तालुक्यांतल्या एखाद्या खेड्यांत जावयाचें. तेथें पुस्तकांतलें सारें कोसळून पडतें. इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलें असतें, कीं मुलाखत शांत जागीं एकांतांत घ्यावी. आपल्या एकत्र कुटुंबांत एकांत कोठून आणावयाचा? आम्ही ओसरीवर टेकलों न टेकलों, तोंच सासू येते, दीर येतो, शेजारीण कडेवर मूल घेऊन उंबऱ्यांत बसते. ज्याची मुलाखत घ्यावयाची तो कोपऱ्यांत खाटेवर असतो, आणि प्रश्न त्याला विचारला तरी उत्तर घर देतें. ‘त्येला काय कमी न्हाई बगा.’ ‘त्येला भाईर जायाला आवडतच न्हाई.’ चहा येतो. त्याच्या कपांत साखर किती घालावयाची तेंहि भावजयच सांगते. हें केवळ आपलेंच वैगुण्य आहे असें मात्र कोणीं समजूं नये. इंग्लंडांत बीबीसीनें १९७७ पासून १९९८ पर्यंत अपंग श्रोत्यांसाठीं नभोवाणीवर जो कार्यक्रम चालविला, त्याचें नांवच मुळीं ‘यांना साखर चालते का?’ अशा अर्थाचें होतें. चाकाच्या खुर्चींतल्या माणसाला न विचारतां तिच्यामागें उभ्या असलेल्याला हा प्रश्न विचारण्याची रीत तिकडेहि होतीच.

यावर आम्हीं एक उपाय काढला आहे. दोघांनीं मिळून जावयाचें. एकानें घरच्या मंडळींपाशीं बसून उसाच्या बिलाचा विषय काढावयाचा. कोल्हापूर जिल्ह्यांत हा विषय निघाला, कीं अर्धा तास कोणाला दुसरें कांहीं सुचत नाहीं. तेवढ्या वेळांत दुसऱ्यानें खाटेपाशीं जावें. थोडी लबाडी यांत आहे, हें कबूल. म्हणून घरच्यांना आम्ही आधींच सांगून ठेवतों कीं याच्याशीं स्वतंत्रपणें बोलावयाचें आहे. ‘बोला कीं’ म्हणून होकार मिळतो आणि कोणी जागचें हलत नाहीं, तेव्हां ऊस कामास येतो.

पुढचें काम लिहून काढण्याचें. तासाभराचें ध्वनिमुद्रण शब्दशः उतरावयाचें तर पांच-सहा तास मोडतात, आणि येथें आमच्या सुशिक्षितपणाचा खरा कस लागतो. आमच्या भागांतल्या बायका ‘मी आलो, मी गेलो, मी सैपाक करतो’ असें बोलतात, हें बाहेरच्यांना ठाऊक नसतें. एका वर्गांत पुण्याकडून आलेल्या एका होतकरू मुलीनें एका बाईंची सबंध मुलाखत शुद्ध करून आणली. सगळ्या क्रियापदांना तिनें स्त्रीलिंगी पोशाख चढविला होता. ‘मी पडलो, तवापास्नं मी बसूनच हाय’ या वाक्याचें ‘मी पडले, तेव्हांपासून मी बसूनच आहे’ असें झालें होतें. व्याकरण सुधारलें आणि बाई नाहींशी झाली. त्याच बाई दुसऱ्या एका ठिकाणीं ‘आमाला काय पायजे?’ असें म्हणाल्या होत्या. इंग्रजी गोषवाऱ्यांत त्याचें ‘तिला कांहीं नको आहे’ असें भाषांतर झालें. पण हें ‘आम्ही’ कोण? त्या एकट्या, कीं सबंध घर, कीं त्यांच्यासारख्या सगळ्या? अडीच तास वर्गांत या एका शब्दावर वाद झाला. चहा गार झाला तरी कोणी उठलें नाहीं. गुणांसाठीं आलेली मंडळी त्या दिवसापासून कामासाठीं येऊं लागली.

मोठ्यांचे दाखलेहि आम्ही देतों. अर्व्हिंग गॉफमन हा समाजशास्त्रज्ञ १९५५-५६ मध्यें वॉशिंग्टनच्या एका वेड्यांच्या इस्पितळांत वर्षभर रोग्यांत वावरला, आणि १९६१ सालीं त्यानें जो ग्रंथ लिहिला त्यानें अशा संस्थांकडे पाहण्याची दृष्टि पालटली. रॉबर्ट मर्फी याची हकीकत तर फारच विलक्षण. हा कोलंबिया विद्यापीठांतला मानववंशशास्त्रज्ञ, तरुणपणीं ॲमेझॉनच्या अरण्यांतल्या लोकांत राहून आलेला. १९७६ सालीं त्याच्या मणक्यांत गांठ निघाली आणि हळूहळू सारें शरीर लुळें पडत गेलें. त्यानें आपल्या दुखण्याकडे दूरदेशच्या प्रवासाप्रमाणें पाहिलें आणि १९८७ मध्यें त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध केलें. आपल्याकडे इरावतीबाई कर्वे यांनीं जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणानें उठविलेल्या लोकांची जी पाहणी केली, ती १९६९ सालची. परंतु आमच्या वर्गाला सर्वांत जवळचें पुस्तक कोल्हापूरचेंच आहे. नसीमा हुरजूक यांना सोळा-सतराव्या वर्षीं कमरेखालीं पंगुत्व आलें. पुढें १९८४ सालीं त्यांच्या पुढाकारानें ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था येथें उभी राहिली. त्यांचें ‘चाकाची खुर्ची’ हें आत्मचरित्र आम्ही सर्वांना वाचावयास लावतों. ज्याची मुलाखत घ्यावयास आपण निघालों, तो स्वतःच आपल्यापेक्षां बरें लिहूं शकतो, हें विद्यार्थ्याला एकदां कळलेलें बरें असतें.

चौथ्या दिवशीं आम्ही घरचा अभ्यास देतों: आपल्याच घरांतल्या किंवा नात्यांतल्या एका अपंग माणसाची मुलाखत घ्या. असें माणूस बहुतेक प्रत्येक कुळांत असतें. कोणाचे काका ऐकूं न येणारे, कोणाची चुलतबहीण मंदबुद्धीची. दोन वर्षांपूर्वीं हा अभ्यास सांगून आम्ही खडू ठेवला, तेव्हां मागच्या बाकावरून एका मुलीनें विचारलें, ‘तुम्हीं कोणाची घेतली होती?’ आम्हीं कोणाचीच घेतली नव्हती.

आमच्या घरीं आमच्या आत्या आहेत. वय चौऱ्यांशीं. तिसऱ्या वर्षीं ताप आला आणि दोन्ही पाय गेले. तो पोलिओ होता हें फार पुढें समजलें. लग्नाचा प्रश्न कोणीं काढला नाहीं. महाद्वार रोडच्या मागच्या बोळांत आमचें जुनें घर आहे. त्याच्या माजघरांत पाटावर सरकत सरकत त्यांचा जन्म गेला. फुलवाती, वस्त्रमाळा, पापडाच्या लाट्या हीं सारीं कामें त्यांच्याकडे. आणि त्यांचें एक व्रत सबंध आळींत प्रसिद्ध होतें. चौदाव्या वर्षीं एका चातुर्मासांत त्यांनीं नेम धरला, कीं दुपारचें जेवण झाल्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब घ्यावयाचा नाहीं. चातुर्मास संपला, पण नेम सुटला नाहीं. आमची आजी पाहुण्यांना हें मोठ्या अभिमानानें सांगे. शेजारच्या जैन कुटुंबांतल्या बाई तर त्यांना हळदीकुंकवाच्या दिवशीं मुद्दाम वांकून नमस्कार करीत. आम्ही मुलें रात्रीं पाण्यासाठीं उठलों, कीं ‘आत्यांकडे पाहा’ असें आम्हांला ऐकावें लागे.

तर आम्ही अभ्यासाला बसलों. पहिल्या दिवशीं थोरल्या वहिनी शेजारीं डाळिंब सोलीत होत्या, आणि आमच्या सहा प्रश्नांपैकीं पांचांना त्यांनींच उत्तरें दिलीं. मनांत म्हटलें, हें तर करवीर तालुक्यांतलेंच घर! दुसऱ्या दिवशीं वहिनी देवळांत गेल्याची संधि साधून आम्हीं विचारलें, ‘आत्या, पाणी कमी म्हणूनच तो मुतखडा झाला ना?’ आत्या ‘हो’ म्हणाल्या आणि गप्प झाल्या. ज्या प्रश्नासाठीं आम्ही विद्यार्थ्यांचे कान धरतों तोच, शब्दाशब्दानें! तिसऱ्या दिवशीं आम्ही कांहीं विचारलेंच नाहीं. तबकांतला कापूस घेऊन वाती वळावयास बसलों. आमच्या वाती वांकड्या होत होत्या आणि आत्या त्या उलगडून पुन्हां वळीत होत्या. बऱ्याच वेळानें, खालीं पाहूनच, त्या म्हणाल्या, ‘परसांत पांच पायऱ्या होत्या. तुला आठवत नसतील.’

आठवत होत्या. जुना शौचकूप परसाच्या टोंकाला, पांच पायऱ्या उतरून. दिवसा आत्यांना त्यांच्या थोरल्या वहिनी, म्हणजे आमची आई, उचलून नेई. संध्याकाळीं स्वयंपाकाची धांदल, पंचवीस माणसांची पंगत. मग दिवे मालवले कीं दिवसभर राबून झोपलेल्या बाईला हांक मारून उठवावयाचें. एकदां आईला आठवा महिना असतांना त्या दोघी पायऱ्यांवर घसरल्या. कोणाला फारसें लागलें नाहीं. आत्या कोणास कांहीं बोलल्या नाहींत. पुढल्या एकादशीला त्यांनीं चातुर्मासाचा नेम धरला.

आईच्या पोटीं त्या वेळीं आमचे थोरले बंधु होते.

आम्ही रात्रभर तें टिपण लिहिलें आणि त्याच्या समासांत, आमच्या शास्त्राच्या रीतीप्रमाणें, एक शब्द घातला: ‘अडचण’. खालीं लिहिलें कीं घरच्या मंडळींनीं ज्याला धर्म समजून गौरविलें, ती वास्तविक शौचाची गैरसोय होती. आम्हांला वाटलें, कीं साठांहून अधिक वर्षांचा पडदा आम्हीं दूर केला. ज्याचें सांगणें त्याला वाचून दाखवावें असा आमचाच नियम आहे, म्हणून सकाळीं आत्यांपुढें बसून तें वाचलें. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकलें आणि विचारलें, ‘घरांत संडास केव्हां बांधला?’

‘बहात्तर सालीं.’

‘मग त्र्याहत्तरांत मी पाणी कां नाहीं प्यालें?’

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या म्हणाल्या, ‘माझे पाय कोणाला दिसले नाहींत असा एकहि दिवस नाहीं गेला. नेमामुळें मात्र लोक माझ्याकडे मान वर करून पाहूं लागले. शेजारच्या बाई माझ्या पायां पडत, ते पाय हेच कीं नाहीं? तो नेम एका भिंतीसाठीं सोडूं होय? तूं लिहिलेंस तें खोटें नाहीं. पण आधीं अडचण होती, मग व्रत झालें. दोन्ही लिही.’

आम्हीं दोन्ही लिहिलें. आणखी एक गोष्ट त्यांनीं सांगितली होती, ती ‘खोड’ म्हणाल्या. ती आम्हीं त्यांच्यासमोर खोडली आणि ती येथेंहि नाहीं. बाकीचें छापण्यास त्यांची हरकत नाहीं. नांव मात्र घालूं नये अशी अट आहे.

गेल्या श्रावणांतल्या वर्गांत हें टिपण, कोणाचें तें न सांगतां, आम्हीं विद्यार्थ्यांना दिलें. समासांत कोणीं ‘अडचण’ लिहिलें, कोणीं ‘श्रद्धा’, कोणीं ‘प्रतिष्ठा’; एका शिक्षकांनीं ‘मुतखडा’ लिहून त्याखालीं दोन रेघा ओढल्या, आणि त्यांचेंहि चुकलें असें आम्हांला म्हणवेना. गडहिंग्लजकडची एक मुलगी कागदावर कांहींच न लिहितां बसली होती. तिला विचारलें तेव्हां ती म्हणाली, ‘आतां त्या संध्याकाळीं पाणी पितात का?’

हें आम्हीं विचारलेंच नव्हतें. घरीं येईपर्यंत दिवेलागण झाली होती. आत्या नेहमींच्या जागीं बसल्या होत्या. आम्हीं प्रश्न केला आणि या वेळीं तोंड मिटून थांबलों. त्यांनीं हातांतली वात पुरी वळून तबकांत ठेवली.

‘कोणीं आणून दिलें तर पिईन कीं,’ त्या म्हणाल्या. ‘पण आणून कोण देणार? व्रत ना माझें!’